पोर्ट्रेटसाठी पहिली प्राइम लेन्स: आधी अंतर मोजा, मग आकडा ठरवा

पोर्ट्रेटसाठी, म्हणजे माणसांच्या फोटोंसाठी, ५० मिमीची लेन्स घेऊ की ८५ ची? कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या किट लेन्सवर हात बसला, माणसांचे फोटो आवडायला लागले की हा प्रश्न येतोच. उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो: फोटो कुठे काढणार? घरातल्या हॉलमध्ये, गच्चीवर, सोसायटीच्या बागेत, की मंगल कार्यालयात? पोर्ट्रेटची लेन्स निवडताना आपण खरं तर समोरच्या माणसापासून किती लांब उभं राहायचं ते निवडत असतो. ते एकदा ठरलं की एफ १.४ की १.८, नवी की जुनी, ही कंपनी की ती, हे सगळे प्रश्न पुष्कळ सोपे होतात. या लेखात त्याच क्रमाने जाऊ. मोजायची टेप हाताशी ठेवा, ती लागणार आहे.

फोकल लेन्थ म्हणजे लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा: तो जितका मोठा, तितका कमी भाग फ्रेममध्ये येतो. प्राइम लेन्स म्हणजे एकाच फोकल लेन्थची लेन्स. झूम नाही. माणूस फ्रेममध्ये मोठा हवा तर पुढे जायचं, लहान हवा तर मागे यायचं. झूमची सोय जाते, पण त्या बदल्यात अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) खूप मोठं उघडतं, लेन्स लहान आणि हलकी राहते, आणि तेवढ्याच पैशांत चित्र जास्त स्वच्छ येतं. १८-५५ ची नेहमीची किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). तिच्या जागी ५० मिमी एफ १.८ लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली फोटो काढणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

आधी आपल्या कॅमेऱ्याकडे बघा

लेन्सवर ५० लिहिलेलं असलं तरी ती किती भाग दाखवणार हे सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, ठरतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात बहुधा त्याहून लहान, म्हणजे क्रॉप किंवा एपीएस-सी सेन्सर असतो: निकॉन, सोनी, फुजीफिल्मचा साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा आणखी थोडा लहान, २२.३ बाय १४.९. लहान सेन्सर लेन्सने तयार केलेल्या चित्राचा मधलाच भाग घेतो. म्हणून निकॉनच्या किंवा सोनीच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ इतकं दाखवते आणि कॅननवर ८० इतकं. मायक्रो फोर थर्ड्स हा आणखी लहान सेन्सर असेल तर आकडा सरळ दुप्पट करायचा.

‘पोर्ट्रेट म्हणजे ८५’ हे वाक्य ३५ मिमी फिल्मच्या काळापासून चालत आलंय. फुल फ्रेम सेन्सर त्याच फिल्मच्या मापाचा आहे, म्हणून तिथे ते आजही लागू पडतं. क्रॉप कॅमेऱ्यावर मात्र ८५ ची लेन्स १२७ ते १३६ इतकी लांब होऊन बसते. तुमच्या कॅमेऱ्यावर त्या जुन्या सल्ल्याची जागा ५० किंवा ५६ ची लेन्स घेते. नव्याने लेन्स घेणाऱ्यांच्या पैशांचं सर्वांत जास्त नुकसान हा हिशेब न केल्याने होतं.

दुसरं बघायचं ते माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच. कॅननच्या डीएसएलआरना (आत आरसा असलेले कॅमेरे) ईएफ लेन्स बसतात, क्रॉप असेल तर ईएफ-एसही; आताच्या मिररलेसना (बिनआरशाचे कॅमेरे) आरएफ. निकॉनच्या डीएसएलआरना एफ माउंट, मिररलेसना झेड. सोनीच्या मिररलेसना ई. कॅननची ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट छान चालते, पण आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसतच नाही. आज डीएसएलआर आहे आणि पुढेमागे मिररलेस घ्यायचा विचार आहे, तर हे लक्षात ठेवून खरेदी करा.

निकॉनवाल्यांनी इथे आणखी एक गोष्ट तपासायची. डी ३५००, डी ५६०० आणि त्यांच्या आधीच्या त्याच मालिकांमधल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना मोटर असलेलीच लेन्स लागते, म्हणजे नावात ‘एएफ-एस’ असलेली. वापरलेल्या मालात ‘एएफ ५० मिमी एफ १.८ डी’ फार स्वस्त मिळते आणि काच उत्तम आहे, पण या कॅमेऱ्यांवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावूनही तीच अडचण राहते. हवी ती ‘जी’: एएफ-एस ५० मिमी एफ १.८ जी.

आता टेप काढा

छातीपासून वरचा फोटो म्हणजे उभ्या फ्रेममध्ये साधारण ६० सेंटिमीटर उंची. कमरेपासून वर म्हणजे ९० सेंटिमीटर ते एक मीटर. डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून, दोन मीटर धरा.

निकॉन-सोनीच्या क्रॉप कॅमेऱ्यावर छातीपासून वरच्या फोटोसाठी ३५ मिमीने सुमारे ९० सेंटिमीटरवर उभं राहावं लागतं, ५० ने १.३ मीटरवर, ८५ ने २.२ मीटरवर. पूर्ण उंचीच्या फोटोसाठी हीच अंतरं ३ मीटर, ४.३ मीटर आणि तब्बल ७.२ मीटर होतात. फुल फ्रेमवर छातीपासून वर घ्यायला ५० ने जेमतेम ८५-९० सेंटिमीटर, ८५ ने दीड मीटर आणि १३५ ने सव्वादोन मीटरच्या पुढे. पूर्ण उंचीला अनुक्रमे पावणेतीन, पावणेपाच आणि साडेसात मीटर. कॅननचा क्रॉप असेल तर क्रॉपच्या आकड्यांत थोडी भर घाला.

आता दहा बाय बाराची खोली घ्या. लांबी बारा फूट, म्हणजे ३.६५ मीटर. माणसाला भिंतीला चिकटून उभं करायचं नाही, कारण सावली भिंतीवर पडते आणि मागचं सगळं स्पष्ट दिसतं. त्यासाठी मीटरभर सोडा. तुमची पाठ आणि कोपर मावायला अर्धा मीटर. उरले सुमारे २.१ मीटर, सात फूट. एवढ्यात क्रॉप कॅमेऱ्यावरच्या ५० ने कमरेपासून वरचा फोटो आरामात येतो. ३५ ने गुडघ्यांच्या आसपास पोचता येतं. ८५ ने छातीपासून वरचाच भाग येतो, आणि तोही भिंतीला पाठ टेकवून. फुल फ्रेमवर ८५ लावली तर त्याच खोलीत कमरेपर्यंत येतं.

या हिशेबामुळेच मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये क्रॉप कॅमेऱ्यासाठी पहिली लेन्स म्हणून ८५ घ्यायला मी कुणालाच सांगत नाही. ती कपाटात पडून राहते. गावाकडे ऐसपैस अंगण असेल, किंवा फोटो काढायचे ते बागेत, घाटावर, शेताच्या बांधावर असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे ८५ खुलते.

चेहऱ्याचा आकार लेन्सने बदलत नाही, अंतराने बदलतो

‘वाइड लेन्सने नाक मोठं येतं’ असं सगळे म्हणतात. नाक मोठं येतं हे खरं, पण ते आपण जवळ गेल्यामुळे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरू. कॅमेरा नाकापासून ५० सेंटिमीटरवर असेल तर कान ६२ वर पडतात, म्हणजे नाक कानांच्या मानाने २४ टक्के मोठं दिसतं. दीड मीटरवरून हा फरक ८ टक्क्यांवर येतो, अडीच मीटरवरून ५ टक्क्यांच्या आत. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत चेहरा आपला वाटत नाही, त्याचं कारण हेच.

जवळून कान मागे सरकतात, कपाळ पुढे येतं, चेहरा निमुळता होतो. दीड ते अडीच मीटरवर तो तसाच दिसतो जसा आपण समोर बसून बोलताना पाहतो, आणि ओळखीच्या माणसाचा फोटो बघून ‘हो, अशीच आहे ती’ असं वाटतं ते या अंतरामुळे. चार-पाच मीटरच्या पुढे चेहरा सपाट होत जातो. रुंद चेहऱ्याच्या माणसाला ते फारसं मानवत नाही, लांबट चेहऱ्याला कधी कधी शोभतं.

अंतराची आणखी एक बाजू आहे, आणि मला ती नाकाच्या टक्केवारीपेक्षा मोठी वाटते. दीड मीटरवरून तुम्ही नेहमीच्या आवाजात बोलू शकता. आजीला ‘जरा हनुवटी खाली’ म्हणून सांगता येतं, पदर नीट करायला दोन पावलांत पोचता येतं. सात मीटरवरून ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगितलेलं हसू ओरडून सांगितल्यासारखंच दिसतं. उलट कॅमेरा पाऊण मीटरवर आणला तर लाजाळू माणूस आक्रसतो. स्वतःचा स्वभावही इथे बघायचा: अनोळखी माणसाच्या जवळ जाताना तुम्हालाच संकोच होत असेल, तर जरा लांबची लेन्स तुमच्या कामाची.

म्हणून माझं सूत्र सरळ आहे. तुमच्या नेहमीच्या फोटोला जी लेन्स दीड ते अडीच मीटरवर उभं राहायला लावते, ती तुमची पहिली पोर्ट्रेट लेन्स.

किट लेन्सवर रंगीत तालीम

पैसे खर्च करण्याआधी एक दुपार यासाठी द्या. किट लेन्सची झूम रिंग ३५ वर आणा आणि वर कागदी चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे हात आपोआप फिरवणार नाही. घरातल्या एखाद्या माणसाला खिडकीजवळ बसवा. छातीपासून वर, कमरेपासून वर आणि पूर्ण, असे फोटो काढा. मग पट्टी काढून रिंग ५० वर आणा आणि तेच पुन्हा करा. ८५ चा अंदाज हवा असेल तर ५५-२०० किंवा ५५-२५० ची झूम कुणा मित्राकडून आणा आणि तशीच बांधून ठेवा. कुठे भिंत आडवी आली, कुठे माणूस अवघडला, कुठले फोटो पुन्हा पाहावेसे वाटले, ते लिहून ठेवा.

जुन्या फोटोंची माहिती उघडून कोणती फोकल लेन्थ जास्त वापरली ते मोजायचा सल्लाही दिला जातो. तो उपयोगी आहे, पण जपून वापरा. किट लेन्सवर बऱ्याच जणांचे पुष्कळ फोटो ५५ वर निघतात. तिथे रिंग संपते म्हणून ते ५५ वर असतात. आणखी पुढे जायचं होतं की तिथेच थांबायचं होतं हे त्या आकड्यावरून कळत नाही.

एफचा आकडा किती हवा

मोठ्या अ‍ॅपर्चरची ओढ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे आणि ती सुरू झाली प्रकाशासाठी. व्हिएन्नात जोसेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने १८४० साली खास पोर्ट्रेटसाठी लेन्स रचली. तिचं अ‍ॅपर्चर एफ ३.६ च्या आसपास होतं. त्याआधीच्या लेन्सनी माणसाला कित्येक मिनिटं हलू न देता बसवावं लागे. या लेन्सने तो वेळ एका मिनिटाच्या खाली आला. आज आपण एफ ३.६ ला मंद, म्हणजे कमी प्रकाश घेणारी, लेन्स म्हणतो.

आकडा लहान म्हणजे भोक मोठं. १.४, २, २.८, ४, ५.६ या पायऱ्यांवर प्रत्येक वेळी प्रकाश निम्मा होतो. एफ १.८ पेक्षा एफ १.४ मध्ये प्रकाश सुमारे १.६ पट जास्त येतो. एवढ्यासाठी किंमत बहुधा दुप्पट किंवा त्याहून जास्त मोजावी लागते आणि लेन्स जड होते. पहिल्या लेन्ससाठी एफ १.८ किंवा २ पुरेसं आहे, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

कारण एवढं अ‍ॅपर्चर उघडून तरी चेहऱ्याचा किती भाग हाती लागतो ते बघा. फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ १.८, अंतर दीड मीटर: फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा. क्रॉपवर ५० मिमी, एफ १.८, अंतर १.३ मीटर: साधारण साडेचार सेंटिमीटर. मान थोडी वळवली की एक डोळा या पट्ट्यात आणि दुसरा बाहेर. एफ २.८ ला क्रॉपवर तो ७ सेंटिमीटरपर्यंत जातो, एफ ४ ला १० पर्यंत. एकट्या माणसाची बरीचशी चांगली पोर्ट्रेट्स एफ २ ते ४ च्या दरम्यान निघतात. स्टीव्ह मकरी यांचा १९८४ मधला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो निकॉनच्या १०५ मिमी एफ २.५ लेन्सने काढलेला आहे.

नथ आणि मुंडावळ्या घातलेल्या नवरीचा फोटो काढताना हा पट्टा फार छळतो. फोकस आपोआप जवळच्या वस्तूवर जातो, आणि सर्वांत जवळ असते नथ. एफ १.८ ला नथीचा एकेक मोती सुरेख येतो आणि डोळे धूसर येतात. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू करा. मुंडावळ्यांची सर डोळ्यावर आली की तोही कधी चुकतो, म्हणून फोटो मोठा करून लगेच तपासा. डीएसएलआर असेल तर एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो स्वतः जवळच्या डोळ्यावर ठेवा. आणि एफ २.८ च्या खाली जाऊ नका. घरचे दोन रांगांत उभे असतील तर सरळ एफ ५.६ लावा.

मागचं धूसर कशाने होतं

इथे एक साधा भागाकार उपयोगी पडतो: फोकल लेन्थला एफच्या आकड्याने भागा. येतो तो भोकाचा व्यास. ५० मिमी एफ १.८ चा २८ मिलिमीटर. ८५ मिमी एफ १.८ चा ४७. ५६ मिमी एफ १.४ चा ४०. ५० मिमी एफ १.२ चा ४२. किट लेन्सचा ५५ वर एफ ५.६ ला फक्त १०. माणूस फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला, तर खूप लांबच्या दिव्याचा गोळा माणसाशेजारी जवळपास याच मापाचा दिसतो: किट लेन्सने शर्टाच्या बटणाएवढा, ८५ एफ १.८ ने चेहऱ्याच्या रुंदीच्या जवळजवळ एक तृतीयांश.

या आकड्यांत पैसे वाचवणारी गोष्ट दडलेली आहे. मोकळ्या जागेत, मागची झाडं-दिवे लांब असताना, साधी ८५ मिमी एफ १.८ ही कितीतरी महाग अशा ५० मिमी एफ १.२ पेक्षा मागचं जास्त विरघळवते. खोलीत मात्र हा फायदा उरत नाही, कारण भिंत जवळ असते. तिथे लेन्स बदलण्यापेक्षा माणसाला पुढे आणा. ५० एफ १.८ ने १.३ मीटरवरून फोटो काढताना मागची भिंत एक मीटरऐवजी चार मीटरवर असेल तर धूसरपणा साधारण पावणेदोन पट होतो. हॉलमध्ये माणसाला मधल्या दारात उभं करून मागे आतली खोली दिसू द्या, काम झालं.

भर दुपारी बाहेर पडलात तर उलट अडचण येते. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील तो आकडा) १०० ला एफ १.८ ठेवलं तर शटर १/८००० सेकंदाच्या आसपास लागतो, आणि सुरुवातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा शटर १/४००० ला थांबतो. फोटो पांढराफटक पडतो. एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, हा एक उपाय. झाडाची सावली, पडवी किंवा जिन्याचं तोंड हा त्याहून चांगला उपाय, कारण चेहऱ्यावर प्रकाशही तिथे मऊ पडतो.

मग कोणती घ्यायची

क्रॉप डीएसएलआर असेल, तर कॅननसाठी ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम आणि निकॉनसाठी एएफ-एस ५० मिमी एफ १.८ जी. कॅननची १६० ग्रॅमची आहे, निकॉनची १८५ ग्रॅमची. दोन्ही त्या त्या कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्समध्ये मोडतात आणि पोर्ट्रेटसाठी दोन्हींत काही कमी नाही. कॅननची जुनी ‘५० मिमी एफ १.८ टू’ वापरलेल्या मालात दिसेल. तिचं माउंट प्लॅस्टिकचं आणि फोकस खडखडाट करणारा. २०१५ ची एसटीएम धातूच्या माउंटची आहे. थोडे जास्त पैसे घालून तीच घ्या.

खोली खरंच लहान असेल, किंवा माणसाबरोबर त्याचं स्वयंपाकघर, दुकान, देव्हारा हेही दाखवायचं असेल, तर ३५. निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी यासाठी उत्तम. फक्त चेहऱ्याच्या अगदी जवळ जायचा मोह आवरा.

सोनीच्या क्रॉप मिररलेसवर ई ५० मिमी एफ १.८ ओएसएस मध्ये हात हलला तरी सांभाळून घेणारं स्टॅबिलायझेशन आहे, आणि ते नवशिक्याच्या कामाचं आहे. फुल फ्रेमसाठीची एफई ५० मिमी एफ १.८ ही वेगळी लेन्स, तिचा फोकस संथ. नावातल्या एका अक्षराने गल्लत होते, म्हणून डब्यावरचं पूर्ण नाव वाचा. बजेट थोडं वाढवता येत असेल तर सिग्माची ५६ मिमी एफ १.४. फुल फ्रेमवरच्या ८५ चा अनुभव क्रॉपवर हवा असेल तर त्या किमतीत मला यापेक्षा चांगला पर्याय माहीत नाही. वजन फक्त २८० ग्रॅम.

फुल फ्रेम असेल आणि मुख्य काम पोर्ट्रेटचंच असेल तर बेधडक ८५ एफ १.८. सोनीची एफई ८५, निकॉनची एएफ-एस ८५ जी किंवा झेड ८५, कॅननची १९९२ पासूनची ईएफ ८५ एफ १.८ यूएसएम, सगळ्या भरवशाच्या. एक मर्यादा माहीत असू द्या: यातल्या बहुतेक लेन्स ८०-८५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाहीत. बारशाला बाळाची मूठ, हळदीचे हात, मेंदी असं काही जवळून घ्यायचं असेल तर अडेल. कॅनन आरएफवाल्यांना ८५ मिमी एफ २ मॅक्रो आयएस एसटीएम ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ देते, आणि तिच्यात स्टॅबिलायझेशनही आहे. फोकस काहीसा संथ आहे, पण घरगुती समारंभांसाठी मला तीच जास्त उपयोगाची वाटते.

१३५ पहिली लेन्स म्हणून नको. सुंदर लेन्स असते, पण तिला मैदान लागतं.

वापरलेली घेताना

लेन्स कॅमेऱ्यासारखी लवकर जुनी होत नाही, त्यामुळे वापरलेली प्राइम हा शहाणा सौदा असतो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत. तिथे किंवा आपल्या गावात, कुठेही घ्या, पण आपला कॅमेरा बरोबर न्या.

आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत जाळी धरते. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा, पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा दुधी डाग दिसले तर लेन्स परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी. मग अ‍ॅपर्चरची पाती कोरडी आहेत का, तेलकट चकाकी नाही ना, हे बघा. फोकस रिंग फिरवून कुठे अडकते का ते तपासा. स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे असतील तर लेन्स उघडलेली आहे. पुढच्या फिल्टरच्या कड्याला पोचा असेल तर ती पडलेली आहे.

मग कॅमेऱ्यावर चढवा. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर जवळच्या माणसाच्या डोळ्यावर फोकस करून पाच-सहा फोटो, रस्त्यापलीकडच्या पाटीचे दोन, आणि फोटो मोठे करून बघा. नवी घेत असाल तर पक्कं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड मागा. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण त्याला इथे वॉरंटी मिळत नाही.

हातात आल्यावर

पहिला महिना दुसरी लेन्स लावू नका. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (भोक आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), अ‍ॅपर्चर एफ २.८, ऑटो आयएसओ चालू आणि शटरची खालची मर्यादा १/१२५. लहान मुलं असतील तर १/२५०. एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० करून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ते बहुधा जातात. एका माणसाला एकाच खिडकीशी बसवून एफ १.८, २.८, ४ आणि ५.६ ला फोटो काढा आणि स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून बघा. तुमच्या लेन्सचा आवडता आकडा त्यात सापडेल.

दुकानाने परत करायची मुदत दिली असेल तर ती संपायच्या आत फोकस तपासा. डीएसएलआरवर फोकस डोळ्यावर धरूनही सतत कान किंवा नाकच स्पष्ट येत असेल, तर आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, तोच फोटो काढा. तिथे बरोबर आला, तर काच ठीक आहे आणि कॅमेरा-लेन्सची जुळणी बिघडलेली आहे. काही कॅमेऱ्यांत ती मेनूमधून दुरुस्त करता येते, नाहीतर सर्व्हिस सेंटर. लाइव्ह व्ह्यूमध्येही तसंच आलं तर लेन्स बदलून घ्या.

हूड (लेन्सपुढे लावायचं ऊन अडवणारं कडं) पहिल्या दिवसापासून लावा. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते कधी सुकवायचं हे बघताच कळतं.

दुसऱ्या लेन्सचा विचार सहा-आठ महिन्यांनी. तोपर्यंत किती वेळा पाठ भिंतीला टेकली आणि किती वेळा आणखी जवळ जायला हवं होतं, हे लिहीत राहा. भिंत जास्त वेळा आडवी आली असेल तर ३५ कडे वळा, नाहीतर ८५ कडे.